आजची रात्र राहिला असतास

नोव्हेंबरातली संध्याकाळ. इथे जर्मनीत या दिवसांत पाच वाजताच दिवे लावावे लागतात. मी चेस्टनट भाजायला ठेवले होते. प्रत्येकाच्या पाठीवर सुरीने फुली मारायची, नाहीतर ओव्हनमध्ये फटाक्यासारखे फुटतात. साल उलगडायला लागली की भाजलेल्या रताळ्याच्या जवळचा, पण जरा कोरडा असा वास घरभर पसरतो. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅटिनचा गृहपाठ घेऊन बसली होती. आपल्याकडे आठवीला मुलं संस्कृत घेतात तशी इथली बरीच मुलं लॅटिन घेतात. तिने घेतलं तेव्हापासून मीही तिच्या जुन्या पुस्तकांतून शिकत आले आहे. आधी तिला मदत म्हणून, मग मलाच गोडी लागली म्हणून. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं, त्यामुळे विभक्त्यांची भीती नव्हती. त्या दिवशी ती व्हर्जिल या रोमन कवीच्या पहिल्या एक्लॉगच्या, म्हणजे त्या गुराख्यांच्या संवादाच्या, शेवटच्या पाच ओळींवर आली होती. त्यातल्या ‘कास्तानेआए मोल्लेस’वर, मऊ चेस्टनटांवर, ती थांबली आणि ओव्हनकडे बघून हसली. मला त्या ओळी पाठ होत्या. मी ताट पुसता पुसता ऐटीत म्हटलं, “थांब, मी सांगते. ‘आजची रात्र इथं माझ्यापाशी राहा, हिरव्या पानांच्या अंथरुणावर.’”

“नाही आई,” ती म्हणाली. “‘पोतेस’ नाहीये. ‘पोतेरास’ आहे.”

मी पुस्तक ओढून घेतलं. ‘हिक तामेन हांक मेकुम पोतेरास रेक्विएस्केरे नोक्तेम.’ पोतेस म्हणजे ‘तू शकतोस’. पोतेरास हा भूतकाळ. ‘तू शकत होतास.’ म्हणजे घर सुटलेल्या, शेळ्या हाकत निघालेल्या शेजाऱ्याला झाडाखाली बसलेला म्हातारा ‘राहा’ म्हणतच नाहीये. ‘राहू शकला असतास’ म्हणतोय. इतकी वर्षं मी त्या ओळीत एक उबदार आमंत्रण वाचत होते. लेक म्हणाली, शिक्षिका सांगतात की काही अभ्यासक त्याला नुसती अदबीची बोलण्याची रीत मानतात, आपण ‘जरा पाणी हवं होतं’ म्हणतो तशी. पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं. मलाही पटलं नाही. त्या कागदावर शेवटी एक प्रश्न होता : या कवितेत कवी सत्ताधारी ऑक्टेवियनच्या बाजूचा आहे की विरोधात? दाखले देऊन लिहा. ती पेन्सिल चावत बसली, चेस्टनट करपायला लागले, आणि मी तो एक शब्द डोक्यात घेऊन ओव्हनशी उभी राहिले.

तो अजून गेलेला नाही.

कविता फक्त ८३ ओळींची. दोन माणसं बोलतात. मेलिबोएउसची जमीन गेली आहे, सैनिकाला दिली आहे. तितिरुसची राहिली आहे. पहिल्या पाच ओळी मेलिबोएउसच्या तोंडी आहेत आणि त्यांत सगळं येऊन जातं : तू बीचच्या पसरट झाडाखाली पहुडून पाव्यावर सूर धरतोयस, आम्ही वाडवडिलांच्या सीमा आणि गोड शेतं सोडून चाललोय, आम्ही देश सोडून पळतोय, तू सावलीत निवांत. ‘नॉस’, ‘नॉस’, ‘तू’. आम्ही, आम्ही, तू. हा ‘तू’ लॅटिनमध्येही ‘तू’च आहे, भाषांतराची गरजच नाही. आमच्या घरामागे बीचचं जंगल आहे. त्या झाडाखाली उन्हाळ्यात किती दाट, गार सावली पडते ते मला माहीत आहे. म्हणून मला त्या ‘तू’मागचा चटका कळतो. मेलिबोएउस पुढे लगेच म्हणतो, मला हेवा वाटत नाही, नवल वाटतं. मग आपली शेळी दाखवतो. हिने आत्ताच, त्या झुडपांत, उघड्या खडकावर जुळी करडं घातली, कळपाची सगळी आशा, आणि तिथेच सोडून यावी लागली. मधे एक नुसता ‘आ!’ आहे. त्या उद्गारापाशी लेक नेहमी आवाज खाली करते.

आणि तितिरुसचं पहिलं वाक्य काय? ‘देऊस नोबिस हैक ओतिया फेकित.’ देवाने आम्हाला ही निवांती दिली.

देऊस म्हणजे आपला देव. शब्दशः, एकाच मुळातला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले होते. लॅटिन शिकताना असे शब्द वाटेत भेटत राहतात. नोवुस म्हणजे नव, वीर म्हणजे वीर, आणि तितिरुस रोमला जाऊन ज्याला भेटला तो ‘युवेनेम’ म्हणजे आपला युवानम्. वृत्तसुद्धा ओळखीचं निघालं. लॅटिन कवितेत आपल्यासारखेच गुरू-लघू मोजतात. व्हर्जिलच्या या ओळी म्हणजे भ गणाची माळ, गालल गालल, मधे कुठे दोन्ही गुरू, आणि शेवटी गागा. मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित घोकून वाढलेल्या कानाला हे परकं वाटतच नाही. पण त्या देवाचं मला हसू आलं ते फार टिकलं नाही. मेलिबोएउस विचारतो, हा देव कोण ते सांग की. तितिरुस सरळ उत्तर देत नाही. रोम शहर किती मोठं आहे, मी आधी गुलाम होतो, स्वातंत्र्य उशिरा का होईना पण मिळालं, तिथे त्या तरुणाला पाहिलं, तो म्हणाला, ‘पोरांनो, पूर्वीसारखी गुरं चारा’. नाव शेवटपर्यंत नाही. इ. स. पू. ४२ मध्ये ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांविरुद्धची फिलिप्पीची लढाई जिंकल्यावर हजारो सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या. त्यासाठी इटलीतली अठरा शहरं आधीच ठरली होती आणि तिथल्या शेतकऱ्यांना उठवलं गेलं. वाटपाचं काम ज्याच्याकडे होतं तो ऑक्टेवियन तेव्हा बावीस वर्षांचाही नव्हता. तोच पुढे ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट, झाला. म्हणजे ज्या हाताने शेजाऱ्याचं शेत काढून घेतलं, त्याच हाताने तितिरुसचं राखलं, आणि तितिरुस त्या हाताला देव म्हणतो आहे, शेजारी समोर उभा असताना.

“मला हा माणूस आवडत नाही,” लेक म्हणाली.

मी काही बोलले नाही, कारण त्या म्हाताऱ्याला मी जवळून ओळखते.

आमच्या गावाखाली धरण झालं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मोजणीवाले आले, खुणेचे दगड रोवले, त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले. बुडीताची रेषा आमच्या बांधाच्या खालून गेली. खालची आळी सगळी गेली. वरची आमची पाच-सहा घरं राहिली. यात कोणाची मेहेरबानी नव्हती, नुसता चढ-उताराचा प्रश्न होता. पण आजोबा आयुष्यभर एकच वाक्य म्हणायचे : देवानं राखलं. पाहुणे आले की म्हणायचे, पाडव्याला नांगर पूजताना म्हणायचे. पुढे त्याच जलाशयावर मोटर बसली, कोरडवाहू रान उसाखाली आलं, आणि उसाच्या बिलातून माझी फी भरली गेली. वसतिगृहाचे पैसे, पुढे पहिल्या विमानाचं तिकीट, सगळं त्या पाण्यावर. आजी मात्र ‘देवानं राखलं’ कधी म्हणाली नाही. निदान खालच्या घरच्या तात्यांसमोर तरी नाहीच.

तात्यांचं बिऱ्हाड निघालं तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. ट्रकवर दाराच्या चौकटी, तुळया, पत्रे. लोक घराचं लाकूडसुद्धा उचलून नेत होते, कारण नव्या जागी नुसते प्लॉट होते. घराला दारं नाहीत म्हणून आरपार नदी दिसत होती. जातं जड म्हणून राहिलं, ते आमच्या पडवीत आणून ठेवलं. संध्याकाळ झाली होती. आमच्या वरच्या घरांतून चुलींचा धूर निघत होता, खाली कुठेच नाही. ट्रक सुरू झाला होता, धक्के देत उभा होता. आणि आजी पदर सावरत पुढे होऊन म्हणाली, “आजची रात राहिला असता, भावजी.”

तात्या म्हणाले, “येतो, वैनी.”

आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत.

व्हर्जिलच्या त्या शेवटच्या पाच ओळींत पिकलेली सफरचंदं आहेत, मऊ चेस्टनट आहेत, भरपूर चीज आहे. मग दोन ओळी : लांबवर घरांच्या माथ्यांवरून धूर निघू लागलाय, उंच डोंगरांवरून सावल्या मोठ्या होत उतरताहेत. कवितेचा शेवटचा शब्द ‘उम्ब्राए’, सावल्या. चौथ्या ओळीत तितिरुस ज्या ‘उम्ब्रा’त, सावलीत, निवांत बसला होता तोच शब्द. सुरुवातीला ती एका झाडाची, त्याच्या एकट्याच्या मालकीची होती. शेवटी ती सगळ्या मुलखावर पसरते, त्याच्यावरही. आणि ‘पोतेरास’ ज्या ‘पोतिस’वरून आला, तो आपल्या ‘पति’चा भाऊ आहे. पति म्हणजे धनी. लॅटिनमध्ये ‘शकणं’ म्हणजे मुळात ‘धनी असणं’. ज्याच्या हातात काही आहे, तोच काही करू शकतो. हे व्याकरण मी लेकीला समजावत होते आणि मला आजीचा पदर दिसत होता. त्या माउलीने ते वाक्य तसं का उच्चारलं याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. ‘राहा’ म्हणायची तिची छाती झाली नसेल. राहा म्हटलं आणि त्यांनी विचारलं, मग उद्या? तर तिच्याकडे काय होतं?

लेकीने तेवढ्यात ओळी मोजल्या होत्या. तिला अशा गोष्टींचा नाद आहे. मेलिबोएउसच्या वाट्याला ४६ आणि तितिरुसच्या वाट्याला ३७. ज्याचं सगळं गेलं त्याला कवीने जास्त बोलू दिलंय. आणि तितिरुसच्या शेताचं सगळ्यात सुंदर वर्णनही तोच करतो, ज्याला तिथे थांबायचं नाही : कुंपणाच्या फुलांवर मधमाश्यांची गुणगुण, ती ऐकता ऐकता लागणारी झोप, उंच खडकाखाली फांद्या छाटणाऱ्याचं गाणं. खरं म्हणजे ते शेत चांगलंही नाही. अर्धं उघडा खडक, अर्धं लव्हाळ्याची दलदल. मेलिबोएउस तेही सांगतो, आणि म्हणतो, तुला पुरे आहे. स्वतःच्या शेताबद्दल तितिरुस इतकं बोलत नाही. त्याला त्या तरुणाचे आभार मानायचे आहेत. मला वाटतं, कवीचं राजकारण शोधायचं तर इथे शोधावं. स्तुती कोणाची केली याच्या आधी, चांगल्या ओळी कोणाला दिल्या ते बघावं.

व्हर्जिल स्वतः मांतुआचा. इ. स. पू. ७० चा जन्म. क्रेमोनाच्या जमिनी सैनिकांना पुरल्या नाहीत म्हणून शेजारच्या मांतुआवर पाळी आली. नवव्या एक्लॉगमध्ये त्याने हे एका ओळीत रडून घेतलंय : मांतुआ, बिचाऱ्या क्रेमोनाच्या तू फार जवळ! जुने टीकाकार सांगतात की त्याचं स्वतःचं शेतही गेलं होतं आणि वशिल्याने परत मिळालं. ते तसंच घडलं असेल-नसेल, पण नववी कविता पहिलीच्या नंतर वाचली की अंगावर येते. इथे कुठला तरुण देव नाही. मोएरिस नावाचा म्हातारा नव्या मालकासाठी करडं घेऊन शहराकडे चालला आहे, आणि सांगतो की तो आला आणि म्हणाला, ‘हे माझं आहे, जुन्या कुळांनो, चालते व्हा.’ वाटेत भेटलेला तरुण म्हणतो, अरे पण तुमच्या मेनाल्कास कवीच्या गाण्यांनी सगळं वाचलं असं ऐकलं होतं. मोएरिसचं उत्तर मला तोंडपाठ आहे : तसं बोललं गेलं खरं, पण शस्त्रांच्या मधे आपल्या गाण्यांची ताकद केवढी, तर गरुड आला असता कबुतरांची असते तेवढी. मग दोघं जुनी गाणी आठवायचा प्रयत्न करतात. तुकडे आठवतात, पुढचं विसरतं. म्हातारा म्हणतो, लहानपणी दिवस दिवस गायचो, आता इतकी गाणी विसरलो. जमीन गेल्याबरोबर गाणीही जातात, हे जितक्या हळू आवाजात इथे सांगितलंय तितकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्याच मोजणीत आणखी एका मुलाचं घर मोडलं होतं. प्रोपेर्तिउस, उंब्रियाचा. त्याच्या घरची पोसलेली संपत्ती ‘पेर्तिका त्रिस्तिस’ने नेली असं तो लिहितो. पेर्तिका म्हणजे मोजणीची काठी, त्रिस्तिस म्हणजे खिन्न. खिन्न काठी! ज्याने काठी धरली त्याला शिव्या नाहीत, ज्याने हुकूम काढला त्याचं नाव नाही, काठीच दुःखी आहे. मी ती ओळ वाचली आणि मला ते पांढऱ्या आकड्यांचे दगड आठवले. आम्ही मुलं त्यांच्यावर बसून चिंचा खायचो. हाच प्रोपेर्तिउस पुढे ऑगस्टसच्या राज्यात प्रेमकविता लिहितो, आणि एके ठिकाणी, लग्नाची सक्ती करणारा कायदा मागे घेतल्याच्या आनंदात, सरळ म्हणून जातो : देशाच्या विजययात्रांसाठी मी मुलं कशाला पुरवू? माझ्या रक्ताचा एकही सैनिक होणार नाही. प्रेमकवितेत दडवलेलं हे वाक्य आजही धाडसाचं वाटतं.

होरेस या कवीबद्दल माझं मन अजून ठरत नाही. गुलामीतून सुटलेल्या बापाचा हा मुलगा. फिलिप्पीला तो ब्रूटसच्या बाजूने, म्हणजे हरणाऱ्या बाजूने लढला. ढाल टाकून आलो, असं त्याने स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय. बापाची जमीन गेली, गरिबीने कविता लिहायला लावल्या, हेही त्याचंच. मग ऑगस्टसचा मित्र आणि कवींचा आश्रयदाता मैकेनास याची मैत्री, सबाइन डोंगरांतलं शेत, आणि ऑगस्टसच्या नव्या राज्याची गाणी. ‘दुल्के एत देकोरुम एस्त प्रो पात्रिआ मोरी.’ देशासाठी मरणं गोड आहे, शोभून दिसणारं आहे. ही ओळ मला कधीच आवडली नाही. जो स्वतः रणातून जिवंत परत आला आणि ज्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्याने कोवळ्या पोरांना हे शिकवावं, याचा राग येतो. लगेच पुढची ओळ म्हणते की पळणाऱ्यालाही मृत्यू गाठतोच. ते त्याने स्वतःला समजावलं असेल का? माहीत नाही. पण मग त्याची क्लिओपात्रावरची कविता वाचते आणि राग निवतो. आता प्यायला हवं, नाचायला हवं, अशी विजयोत्सवाने ती सुरू होते. ती राणी म्हणजे वेडी, नशेत बुडालेली, एक भयंकर अरिष्ट. आणि ओळी पुढे सरकतात तशी ती बदलत जाते. ससाणा कबुतराच्या मागे लागावा तसा ऑक्टेवियन तिच्या मागे लागतो, आणि आपली नजर नकळत कबुतराबरोबर जाते. शेवटी ती शांत चेहऱ्याने कोसळलेला महाल बघते, हाताने साप उचलते, आणि रोमच्या विजययात्रेत मिरवून घ्यायला नकार देते. ‘नोन हुमिलिस मुलिएर’, कमीपणा न घेणारी बाई. आठ कडव्यांच्या या कवितेत विजेत्याचं नाव एकदाच येतं, आणि शेवट सगळा हरलेल्या राणीचा आहे. रोममध्ये हे मोठ्याने वाचलं जात असेल तेव्हा टाळ्या नक्की कुठे पडत असतील?

या होरेसला ऑगस्टसने आपला पत्रलेखक व्हायला बोलावलं, तर त्याने नाही म्हटलं, आणि तो नकार चालूनही गेला. पुढे ऑगस्टसने तक्रार केली की तुझ्या संवादकवितांत तू माझ्याशी बोलत नाहीस. आमच्याशी ओळख होती म्हणून पुढच्या पिढ्या तुला नावं ठेवतील अशी भीती वाटते का? चरित्रकार सुएतोनिउसने ही आठवण नोंदवली आहे. जगाचा मालक झालेला माणूस एका कवीला विचारतोय, मी तुझ्या ओळीत का नाही? सत्तेला कवितेकडून इतकं काही हवं असतं हे वाचून मला बरं वाटतं, आणि भीतीही वाटते. कारण ज्याला इतकं हवं असतं तो ते न मिळाल्यावर काय करतो, हे ओविद या कवीला विचारावं. इ. स. ८ मध्ये त्याला काळ्या समुद्राच्या काठी, तोमिसला, धाडलं. आजच्या रुमानियात. कारण त्याच्याच शब्दांत, ‘एक कविता आणि एक चूक’. चूक कोणती ते त्याने कधी सांगितलं नाही. तिथून त्याने ऑगस्टसला एक लांबलचक कविता लिहिली, पावणेसहाशे ओळींची विनवणी. तीत एक जागा आहे जिथे विनवणारा हात जोडलेलेच ठेवतो आणि मान मात्र वर करतो : तुझ्या त्या ‘एनेइड’च्या कवीनेही, म्हणजे व्हर्जिलनेही, त्याचा शस्त्रधारी वीर कार्थेजच्या राणीच्या शय्येवर नेलाच ना, आणि त्या काव्यातला दुसरा कुठलाच भाग लोक इतका वाचत नाहीत. ‘तुझ्या एनेइडचा’. हा ‘तुझ्या’ मला फार लागतो. तो माफी मागतोय आणि त्याच श्वासात सांगतोय की राज्याचं महाकाव्यसुद्धा लोक त्या राणीच्या, दिदोच्या, दुःखासाठी वाचतात. माफी मिळाली नाही. तो तिथेच वारला.

कवी लुकानुसचं तर वयच कमी. सम्राट नीरोच्या कृपेत वाढला, महाकाव्याच्या आरंभी नीरोची स्तुती आहे. त्याच काव्यात काही पानांनी एक ओळ येते, सात शब्दांची : जिंकणारी बाजू देवांना आवडली, पण हरलेली केटोला. ‘देइस’ आणि ‘कातोनी’, देव आणि सीझरला शेवटपर्यंत विरोध करणारा एक माणूस, तराजूच्या दोन पारड्यांत. पंचविसाव्या वर्षी, इ. स. ६५ मध्ये, कटात सापडला म्हणून नीरोच्या हुकमाने त्याला शिरा कापून घ्याव्या लागल्या. रक्त वाहत असताना त्याने स्वतःच्याच ओळी म्हटल्या, जखमी सैनिक असाच मरतो तिथल्या. त्या सात शब्दांपाशी मी तितिरुसच्या ‘देऊस’ला आठवते. शंभर वर्षांत देव कुठून कुठे आला!

व्हर्जिलवर मात्र मी परत परत येते. दरबारी कवी म्हणून त्याला मोडीत काढणारे मला भेटतात. त्यांच्याकडे ‘एनेइड’च्या सहाव्या सर्गातल्या ओळी असतात : रोमना, लक्षात ठेव, लोकांवर राज्य करायचं, शरण आलेल्याला सोडायचं, मस्तवालाला चिरडायचं. त्या ओळी आहेतच, त्यांत लपवण्यासारखं काही नाही. मुसोलिनीच्या राज्यात त्या किती उपयोगी पडल्या असतील हे वेगळं सांगायला नको. पण काव्य तिथे संपत नाही. बाराव्या सर्गाच्या शेवटी शत्रू तुर्नुस जखमी होऊन गुडघ्यांवर आहे, हात पुढे करून म्हणतोय, हरलो, माझ्या म्हाताऱ्या बापाकडे बघ. शरण आलेला. सोडायचं ना? काव्याचा नायक एनेआस थांबतो, त्याचा हात सैल पडायला लागतो. मग त्याला तुर्नुसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या मित्राचा पट्टा दिसतो आणि तो संतापाने तलवार खुपसतो. पुढे काहीही नाही. विजयोत्सव नाही, लग्न नाही, नगर नाही. शेवटची ओळ मरणाऱ्याची : कण्हत, चिडत त्याचा जीव सावल्यांखाली निघून गेला. ‘सुब उम्ब्रास.’ सुमारे दहा हजार ओळींच्या राज्यगौरवाच्या काव्याचा शेवटचा शब्द तोच, पहिल्या एक्लॉगचा. सावल्या. व्हर्जिल इ. स. पू. १९ मध्ये ब्रुंदिसिउममध्ये वारला तेव्हा हे काव्य जाळून टाका म्हणत होता. ऑगस्टसने ते होऊ दिलं नाही. त्या माणसाचे आभार मानायचे असतील तर यासाठी मी मानते, आणि मानताना तितिरुस झाल्यासारखं वाटतं.

लेकीने त्या रात्री प्रश्नाचं उत्तर दीड पान लिहिलं. बाजूने की विरोधात याचं उत्तर तिने कुठेच दिलं नव्हतं. ‘पोतेरास’वर तिने एक पूर्ण परिच्छेद खर्च केला होता आणि खाली लिहिलं होतं की कवीला दोघांची नावं माहीत आहेत, देवाचं मात्र सांगायचं नाही. मला ते बरोबर वाटलं. तिला मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.

रविवारी आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “आई, तात्यांचं जातं आहे का गं अजून पडवीत?”

“आहे की. जातंय कुठं. दिवाळीत पुसून घेतलं.” मग म्हणाली, “त्यांचा नातू आला होता मे महिन्यात. पाणी पार खाली गेलं होतं बघ यंदा. देवळाचा चौथरा उघडा पडला, तो बघायला पोरं येतात. हा आपला नीट विचारत विचारत घरी आला. म्हणाला, आजोबा सांगायचे, वर वैनींचं घर आहे.”

“मग?”

“मग काय. चहा घेतला. जात्यावर हात ठेवून उभा राहिला जरा वेळ. घेऊन जा म्हटलं, तुमचंच आहे. म्हणाला, पुढच्या वेळी गाडी घेऊन येतो.” आई थोडी थांबली. “राहा म्हटलं रे आजची रात्र, आंबे काढलेत. तर सहाची एसटी होती त्याची.”

लेक शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “आजी नक्की काय म्हणाली? ‘राहा’ की ‘राहिला असतास’?”

“‘राहा’ म्हणाली.”

तिने मान हलवली. वाटीत कालचे दोन चेस्टनट उरले होते, गार झालेले. एक तिने सोलला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.